दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरावा लागतो: गळती कुठे असते आणि कशी शोधायची

मार्च उजाडला की फोन सुरू होतात. एसी चालतो, पंखा फिरतो, पण खोली गार होत नाही. मेकॅनिक येतो, आउटडोअरला गेज लावतो आणि सांगतो, "काकू, गॅस संपलाय. भरून देतो, अर्ध्या तासात गार हवा." गॅस भरला जातो, हवा खरंच गार येते, पैसे दिले जातात. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तोच फोन.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो: आत खोलीतली उष्णता घेतो, बाहेर सोडतो, परत येतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर गेलाय, दुसरं कारण असूच शकत नाही. घरातला फ्रिज आठवून पाहा. पंधरा-पंधरा वर्षं त्यात कुणी गॅस भरत नाही, कारण त्याचे सगळे सांधे कारखान्यात ब्रेझिंग करून, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडून, पक्के केलेले असतात. स्प्लिट एसीचे चार सांधे मात्र तुमच्या घरी, भिंतीला टेकून उभ्या केलेल्या शिडीवरून, नट आवळून केलेले असतात. दोन इनडोअरमागे, दोन आउटडोअरला. शोध बहुतेक वेळा तिथूनच सुरू करायचा.

आधी खात्री करा की गॅसच कमी आहे

गार हवा येत नाही म्हणजे गॅस गेला, असं नसतं. आधी इनडोअरचं झाकण उघडून जाळी धुवा. आउटडोअरची कॉइल धुळीने, कबुतरांच्या पिसांनी भरली असेल तर ती साफ करून घ्या. फॅनचा कपॅसिटर कमजोर झाला की आउटडोअरचा पंखा मंद फिरतो आणि लक्षणं हुबेहूब गॅस कमी असल्यासारखी दिसतात.

बर्फ कुठे धरतोय ते बघा. जाळी तुंबली असेल तर इनडोअरची सगळी कॉइल आणि पुढे जाड नळीही गोठते. गॅस कमी असेल तर आउटडोअरच्या व्हॉल्व्हजवळ बारीक नळीवर बर्फाचा पांढरा थर दिसतो आणि इनडोअर कॉइलचा सुरुवातीचा तुकडाच गार असतो, बाकीची कॉइल कोमट. हा फरक तुम्ही स्वतः, कुठलंही हत्यार न घेता पाहू शकता. मेकॅनिकला फोन करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा, कारण तो येईपर्यंत बर्फ वितळलेला असतो.

गेजवरच्या आकड्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे मेकॅनिकही फसतात. एसी बंद असताना गेज जो दाब दाखवतो तो फक्त तापमानावर ठरतो, जोवर आत थोडा तरी द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोवर. ३५ अंशांना आर-३२ (आजच्या बऱ्याच एसीतला गॅस) साधारण ३०० पीएसआय (दाबाचं माप) दाखवणार, मग आत आठशे ग्रॅम असो की चारशे. चालू एसीचा सक्शन दाबही, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूचा दाबही, इन्व्हर्टर मॉडेलमध्ये भरवशाचा नाही. कॉम्प्रेसरचा वेग बदलला की आकडा बदलतो. नेमकं प्रमाण फक्त वजनकाट्यावर कळतं. आउटडोअरच्या पट्टीवर गॅसचं नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं. नळी नेहमीपेक्षा लांब टाकली असेल तर त्यावर दर मीटरमागे किती वाढवायचा तेही कंपनीच्या माहितीपत्रकात असतं.

किती दिवसांत गेला?

आधीच्या गॅस भरण्याची तारीख शोधा, कारण गळतीची जागा ओळखायला तिचा उपयोग होतो. आठ-पंधरा दिवसांत गॅस गेला तर गळती मोठी आहे: फ्लेअर नट (सांध्यावरचा पितळी नट), तडकलेली नळी, नाहीतर पिन व्हॉल्व्ह (जिथे गेज लावतात). दोन-तीन महिने टिकला तर पुन्हा सांधेच आधी तपासायचे, पण कॉइलवर संशय ठेवून. पूर्ण उन्हाळा काढला आणि पुढच्या वर्षी कमी पडला, तर इनडोअर कॉइलला सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं असण्याची शक्यता जास्त.

या शेवटच्या प्रकाराचा हिशेब करून पाहा. वर्षाला ३०० ग्रॅम जातोय म्हणजे दिवसाला एक ग्रॅमपेक्षा कमी. साबणाचा फेस लावून पाच सेकंदांत "काही नाही" म्हणणाऱ्याला ही गळती सापडणार नाही. बुडबुडा मोठा व्हायला काही मिनिटं लागतात. फेस लावायचा, दहा मिनिटं थांबायचं, टॉर्च मारून पुन्हा बघायचं.

फ्लेअर नट

माझा सगळ्यात जास्त वेळ याच इंचभर जागेत गेलाय. तांब्याच्या नळीचं तोंड कर्ण्याच्या आकारात फुलवून पितळी नटाने दाबून बसवायचं, इतकंच काम. पण त्यातली एकेक पायरी चुकली की गळती ठरलेली. नळी कटरने सरळ कापायला हवी, हॅक्सॉने नव्हे. आतली धार रीमरने काढताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे तांब्याचा चुरा आत जात नाही. फुलवलेला भाग आरशासारखा गुळगुळीत असला पाहिजे; बोटाने चाचपून एक रेघ जरी लागली तरी कापून नव्याने फुलवायचा.

नट आधी हाताने पूर्ण बसवायचा आणि मग टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, लावायचा. दोन सुती म्हणजे पाव इंची नळीला १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन सुतीला ३४ ते ४२, चार सुतीला साधारण ५० ते ६०. टॉर्क पाना नसलेला माणूस "अजून एक पिळ" म्हणून ताकद लावतो. त्या पिळाने फुलवलेलं तांबं पातळ होतं, कधी नटालाच बारीक तडा जातो. तो सांधा त्या दिवशी गळत नाही, तीन महिन्यांनी गळतो.

आर-२२ या जुन्या गॅसच्या काळात ढिसाळ सांधाही निभावून जायचा. कंडेन्सर (आउटडोअरची कॉइल) ५० अंशांवर असताना आर-२२चा दाब साधारण २७० पीएसआय असतो. आर-४१०ए आणि आर-३२ या नंतरच्या गॅसचा ४३०-४४०. म्हणून जुन्या एसीची नळी आणि जुनं फुलवलेलं तोंड नव्या एसीला जसंच्या तसं जोडू नका. नळीची जाडीही विचारा. घरगुती मापांना ०.८ मिलिमीटर जाडीची नळी हवी. बाजारात त्याहून पातळ मिळते आणि स्वस्त म्हणून सर्रास टाकली जाते.

गळणारा सांधा ओळखायची खूण साधी आहे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. गॅस बाहेर येताना तेलाचा अंश मागे ठेवतो, त्यावर धूळ चिकटते. आउटडोअरच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण काढलंत आणि एखाद्या नटाभोवती काळपट, चिकट वलय दिसलं, तर तिथेच थांबा.

त्याच जागी पिन व्हॉल्व्ह असतो, जिथे गेज लावतात. आतली पिन सायकलच्या ट्यूबसारखी स्प्रिंगवर असते आणि तिच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. खरं सील म्हणजे वरची पितळी टोपी. गॅस भरून झाल्यावर ती टोपी न लावता, किंवा आतला वॉशर हरवलेला असताना लावून, माणूस निघून जातो. पुढच्या वेळी मेकॅनिक आला की आधी त्या टोप्या मोजा.

कॉइल काळी पडली असेल तर

मुंबई-ठाण्यात नाल्याकाठच्या, खाडीकाठच्या इमारतींत एक वेगळाच प्रकार दिसतो. दोन-तीन वर्षांच्या एसीची इनडोअर कॉइल उघडली तर तांब्याचे वाकलेले तुकडे काळे ठिक्कर. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांब्यावर काम करतो आणि कॉपर सल्फाइडचा काळा थर बनतो. त्याच खोलीतली चांदीची भांडी, देव वारंवार काळे पडत असतील तर कॉइलचंही तेच होतंय असं समजा. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात खारी हवा आउटडोअरच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खाते. तिथे पावसाळा संपल्यावर साध्या पाण्याने कॉइल धुणं खूप उपयोगी पडतं.

तिसरा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्लाच्या वाफा, ओलावा आणि हवा एकत्र आली की तांब्याच्या भिंतीत मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक बिळं पडतात. वरून एक ठिपका, आत जाळं. ही आम्लं येतात कुठून? नवं प्लायवुड, फर्निचरचा गोंद, वार्निश, व्हिनेगर, काही क्लीनर. नव्या फ्लॅटमध्ये इंटेरियरचं काम चालू असतानाच एसी बसवून चालवला जातो, ते टाळता आलं तर टाळा. जेट सर्व्हिसला येणाऱ्याने कॉइलवर कुठलं रसायन मारलं ते विचारा. आम्लयुक्त असेल तर नको म्हणा, आणि काहीही मारलं तरी नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवायला लावा.

अशा कॉइलला एका ठिकाणी टाका मारून उपयोग होत नाही. आज एक भोक बुजवलं तर शेजारचं दुसरं तयारच असतं. कॉइल बदला. नाल्याजवळ राहत असाल तर संरक्षक लेप दिलेली कॉइल मिळते का ते विचारा, आणि बाथरूमच्या ड्रेनमधून एसीच्या पाण्याच्या पाइपवाटे गटाराची हवा इनडोअरमध्ये येत नाही ना ते तपासा. हा पाइप थेट गटाराच्या चेंबरमध्ये सोडलेला मी अनेक घरांत पाहिलाय. त्याचं टोक मोकळ्या हवेत आणलं की कॉइलचं आयुष्य वाढतं.

ही गळती नुसती बिलापुरती नाही

आर-३२चा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा तापवण्याचा परिणाम ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडएवढा असतो. आर-२२चा १,८१० किलो, वर तो ओझोनचा थरही विरळ करतो. आर-४१०एचा २,०८८. दुकानांतल्या डीप फ्रीझरमध्ये आणि छोट्या कोल्डरूममध्ये असणाऱ्या आर-४०४एचा तर ३,९२२.

घरच्या मापात बघू. पाच तारे असलेला दीड टनी इन्व्हर्टर एसी लेबलवरच्या १,६०० तासांच्या हिशेबाने साधारण साडेसातशे युनिट वीज खातो. आपल्याकडची एक युनिट वीज बनताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाचे सव्वापाचशे किलो. त्याच एसीतला आठशे ग्रॅम आर-३२ गळून गेला तर ५४० किलो. एका गळतीत अख्ख्या वर्षाच्या विजेएवढं! आर-४१०एचा एक किलो गेला तर चार वर्षांच्या विजेएवढं. स्टार बघून, जास्त पैसे मोजून घेतलेल्या एसीने जे वाचवायचं, ते एका ढिल्या नटातून निघून जातं. शिवाय आर-३२ हवेत पाचेक वर्षंच टिकतो, त्यामुळे त्याचा सगळा परिणाम लवकर होतो. वीस वर्षांच्या हिशेबात त्याचा आकडा ६७५ न राहता अडीच हजारांच्या आसपास जातो. आपली मुलं मोठी होणार ती याच वीस वर्षांत.

जगाने यावर करार केलेत. ओझोनसाठी १९८७चा माँट्रियल करार, आणि त्यातच एचएफसी (आर-३२, आर-४१०ए याच गटातले) कमी करण्यासाठी २०१६ची किगाली दुरुस्ती. भारताने ती २०२१मध्ये मान्य केली. त्यानुसार आपला वापर २०२८मध्ये गोठवायचा, २०३२मध्ये पहिली दहा टक्के कपात आणि २०४७पर्यंत ८५ टक्के. आर-२२ वापरून नवे एसी बनवणं २०२५च्या सुरुवातीपासून बंद झालंय. मार्च २०१९च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये २०३७-३८पर्यंत गॅसची मागणी २५ ते ३० टक्क्यांनी घटवायचं उद्दिष्ट आहे. पण कारखान्यातलं उत्पादन कमी करणं वेगळं आणि भिंतीवर टांगलेल्या कोट्यवधी एसींचे सांधे घट्ट असणं वेगळं. दुसरं काम मेकॅनिकच्या आणि तुमच्या हातात आहे.

दुरुस्ती नीट झाली हे कसं ओळखायचं

गळती शोधायला नायट्रोजन लागतो. गॅस भरून गळती शोधणं म्हणजे शोधासाठीच पुन्हा गॅस हवेत सोडणं. आत उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, सिलिंडर ८० टक्क्यांवर भरायचा नाही. मग कोरडा नायट्रोजन रेग्युलेटर लावूनच सोडायचा, युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत राहून. रेग्युलेटरशिवाय नायट्रोजन जोडणाऱ्याला घराबाहेर काढा. सिलिंडरमधला दाब दोन हजार पीएसआयच्या वर असतो. आणि ऑक्सिजन कधीच नाही. तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो, माणसं गेली आहेत.

दाब भरून शक्यतो रात्रभर ठेवायचा. सकाळी आकडा थोडा उतरलेला दिसला तर लगेच गळती म्हणू नका: रात्री तापमान आठ अंशांनी उतरलं तर ४०० पीएसआयचा दाब दहाएक पीएसआयने आपोआप उतरतो. त्याहून जास्त उतरला तर फेस घेऊन एकेक सांधा, एकेक वाक. फेसाने सापडलं नाही तर इनडोअर आणि नळी वेगळ्या करून दोन्हींवर स्वतंत्र दाब ठेवायचा, म्हणजे गळती कुठल्या अर्ध्यात आहे ते कळतं.

ब्रेझिंग करायचं असेल तर आत गॅस असता कामा नये. ज्योतीत तो जळून विषारी हायड्रोजन फ्लोराइड बनतो. आर-३२ तर थोडा ज्वलनशीलही आहे, त्यामुळे खिडक्या उघड्या. ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजन हळू वाहता ठेवला की आत काजळी धरत नाही, नाहीतर तीच काजळी पुढे कॅपिलरीत, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत, अडकते.

मग व्हॅक्युम पंप. आतला दाब ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजायचं माप) खाली न्यायचा, पंप बंद करून आकडा चढतो का ते पाहायचं. गॅस सोडून हवा बाहेर ढकलायची, ज्याला पर्जिंग म्हणतात, ती पद्धत अजूनही चालते. त्यात गॅसही जातो आणि ओलावाही आत राहतो. शेवटी गॅस वजनाने भरायचा. आर-४१०ए हे दोन वायूंचं मिश्रण असल्याने तो द्रवरूपातच सोडतात. अनोळखी स्वस्त सिलिंडरमधला गॅस घेऊ नका. भेसळीत ज्वलनशील वायू सापडतो, आणि तो त्यासाठी न बनवलेल्या एसीत भरणं जिवावर बेतू शकतं.

हे सगळं करायला अर्धा दिवस तरी जातो, रात्रभर दाब ठेवला तर दोन खेपा. मे महिन्यात ज्याच्यापुढे दहा फोन रांगेत आहेत तो मेकॅनिक हे करणार नाही, आणि गॅस भरण्याच्या पैशात करावं अशी अपेक्षा ठेवणंही रास्त नाही. म्हणून हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत काढा आणि गळती शोधण्याचे पैसे वेगळे द्या. बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: गळती कुठे होती, किती ग्रॅम काढला, किती ग्रॅम भरला. "गळती सापडत नाही, सध्या भरून देतो" असं उत्तर आलं तर भरू देऊ नका, दुसरा माणूस बोलवा. महिन्याभराने सांध्यांवर पुन्हा एकदा फेस लावून घ्या. युरोपात मोठ्या यंत्रणांना दुरुस्तीनंतर महिन्याभरात फेरतपासणी कायद्यानेच सक्तीची आहे, आणि पाच टन कार्बन डायऑक्साइडएवढा गॅस असलेल्या यंत्रणेची ठरावीक काळाने गळती तपासावीच लागते. आर-४०४एच्या हिशेबात तो जेमतेम सव्वा किलो. आइस्क्रीम पार्लर, दूध डेअरी, मटण-मासळीच्या दुकानांत याहून जास्त गॅस असतो. तिथल्या मालकांनी हा नियम स्वतःहून पाळावा असं मला मनापासून वाटतं.

गाडीच्या एसीचं गणित थोडं वेगळं आहे. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून थोडा गॅस वर्षानुवर्षं झिरपतोच. पण दर वर्षी भरावा लागत असेल तर तिथेही पुढचा कंडेन्सर आणि सील तपासायलाच हवं.

घर बदलताना आणि एसी काढताना

भाड्याचं घर सोडताना एसी काढायला येणारा माणूस नट सैल करतो, दोन मिनिटं फुस्स आवाज येतो, काम झालं. तो आवाज म्हणजे तुमचा आठशे ग्रॅम गॅस. त्या माणसाला पंप-डाउन करायला सांगा: एसी कूलिंगवर चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन की ने बंद करायचा, गेजवर दाब शून्याजवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी बंद. सगळा गॅस आउटडोअरमध्ये जमा होतो आणि नव्या घरी तोच वापरता येतो. फक्त यंत्रणेत गळती असेल तर पंप-डाउन करायचं नाही. हवा आत ओढली जाते आणि तेलाबरोबर दाबली गेली तर कॉम्प्रेसर फुटू शकतो. गळका एसी रिकव्हरी मशीननेच रिकामा करायचा.

भंगारात देतानाही हेच. २०२२चे ई-कचरा नियम एसी आणि फ्रिजला लागू आहेत, त्यामुळे अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये देता येतो. रस्त्यावरचा भंगारवाला तांब्यासाठी नळी कापतो आणि गॅस जागच्या जागी उडतो. जुना आर-२२चा एसी असेल तर देण्याआधी रिकव्हरी मशीन असलेल्या मेकॅनिककडून तो रिकामा करून घ्या. काढलेला गॅस त्याला दुसऱ्या आर-२२च्या दुरुस्तीत वापरता येतो, त्यामुळे तयार होणारे मेकॅनिक सापडतात.